कामात येईल

नागपूरच्या महाल भागात एक वाडा पाडून झाला होता. विटांचा ढीग उरला होता आणि ठेल्यावर रचलेली दारं. मी गांधीगेटकडे निघाले होते. दुपारची वेळ, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ठेलेवाला सावलीला टेकला होता. मीही टेकले आणि हात आपोआप त्या दाराच्या फळीवर गेला. मधल्या बोटाचं पेर. टक. टक टक.

"काय पाह्यता मॅडम? सागवान आहे. सी.पी.चं."

होतंच. सी.पी. म्हणजे मध्य प्रांत. प्रांत गेला, 1956 साली नागपूरची राजधानीही गेली, पण लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी ते नाव अजून पक्कं आहे. आल्लापल्ली-बल्लारशाच्या जंगलातलं सागवान. ठेलेवाल्यानं लगेच पुढचं सांगून टाकलं, "दिल्लीले नवी संसद झाली ना, तिथंही आपल्या नागपुरातूनच गेलं सागवान."

मी म्हटलं, मला पूर्ण जोडी नको, चौकटीची एक उभी बाजू तेवढी द्या. "कशाले?" गिटारची दांडी करायची आहे, म्हटलं. तो काही बोलला नाही. भाव मात्र त्यानं लगेच वाढवला.

लाकूड वाजवून पाहायची ही खोड मला हल्लीच लागली आहे, आणि ती काही केल्या सुटत नाही. माठ घेताना आपण सगळेच वाजवून घेतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण लग्नाला गेल्यावर हॉलच्या दाराला, बँकेत काउंटरला, डॉक्टरांच्या टेबलाला टिचकी मारली की लोक बघायला लागतात. सनमायका लावलेलं असलं तर वेळ फुकट जातो. आतला प्लाय मुका असतो.

गिटार घरी करावी असं डोक्यात कधी आलं ते सांगता येणार नाही. लाकूड मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून घरात होतं. ते बाबांचं.

प्रत्येक घरात एक माळा असतो आणि त्या माळ्यावर 'कामात येईल' नावाचा एक संसार असतो. आमच्याकडे तो खालच्या संसारापेक्षा मोठा होता. पलंगाचे दोन पाय (बाकीचे दोन कुठे गेले कुणास ठाऊक), पाळण्याच्या कड्या, फुटक्या पाटाची अर्धी फळी, आणि संत्र्याच्या पेट्या. काटोलहून काका आंबिया बहाराची एक पेटी पाठवायचे आणि पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची एक. तेव्हा संत्री लाकडी पेटीत यायची, तणसात रचलेली. हल्ली खोके येतात, नाहीतर प्लास्टिकचे क्रेट. खोक्याचं पुढे काही होत नाही, रद्दीवाला नेतो. पेटीची गोष्ट तशी नव्हती. संत्री संपली की बाबांसाठी ती पेटी सुरू व्हायची.

रविवारची दुपार. आई आत लवंडलेली. बाबा बनियनवर अंगणात, पुढ्यात पेटी. एकेक फळी न तडकवता सोडवायची. मग वाकलेला खिळा फरशीवर आडवा धरायचा, त्याचं पोक वर, आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी तो सरळ करायचा. खिळा धरायचं काम माझं. "अंगठा सांभाळ," एवढंच ते दर खिळ्याला म्हणत. सरळ झालेले खिळे बोर्नव्हिटाच्या डब्यात जायचे, लांबीप्रमाणे पुड्या बांधून. नवे खिळे काही महाग नव्हते. आईनं हे त्यांना एकदा सुनावलं होतं. त्यावर त्यांनी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण पुढच्या रविवारी खिळे सरळ होतच होते.

अशाच एका दुपारी त्यांनी एका फळीच्या दोन टोकांना दोन खिळे ठोकले. सायकलच्या जुन्या ब्रेकच्या तारेची एक लड सोडवून ती खिळ्यांमध्ये ताणून बांधली आणि खाली शाईची रिकामी दौत सरकवली. तार टण्ण वाजली. दौत इकडे सरकवली की आवाज चढायचा, तिकडे सरकवली की उतरायचा. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या वस्तीतली पोरं घराच्या भिंतीवर झाडूची तार अशीच ठोकून बाटली सरकवत वाजवायची, आणि त्यांतली काही पुढे मोठी ब्लूजवाली झाली, हे मला फार उशिरा कळलं. बाबांना तर कधीच कळलं नाही. दौत बरोबर मध्यावर आली तेव्हा आतून आईचा झोपाळलेला आवाज आला, "वरचा सा आहे तो."

गिटारचा बारावा पडदा (दांडीवरची धातूची आडवी पट्टी) तिथेच असतो, तारेच्या बरोबर मध्यावर. माझ्या गिटारची तार 650 मिलिमीटरची, क्लासिकल गिटारचं नेहमीचं माप, म्हणजे बारावा पडदा 325 वर. मधल्यांची जागा काढायला लांबीला 17.817 नं भागायचं. पहिला पडदा साडेछत्तीस मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागलं की दुसरा. असं करत गेलं की बारावा आपसूक मध्यावर येऊन बसतो. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली ल्यूट हे जुनं युरोपी तंतुवाद्य वाजवायचे. त्यांनी 1581 च्या ग्रंथात सरळ 18 नं भागायचा हिशेब सांगितला आणि कारागिरांनी तो शतकानुशतकं वापरला. 18 नं भागलं तर बारावा पडदा मध्याच्या सुमारे अडीच मिलिमीटर अलीकडे पडतो. पण बोटानं तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर किंचित चढतो, त्यामुळे त्या चुकीतलं बरंचसं तिथल्या तिथे फिटायचं. मला हा प्रकार फार आवडतो.

आपल्या सतारीला ही कटकट नाही. तिचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, कानाला खटकलं की सरकवा. गिटारचा पडदा खाच पाडून ठोकायचा, तो ठोकला की ठोकला. ती खाच जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर रुंद हवी. तेवढी बारीक करवत घरात कुठली? हॅक्सॉचं पान घ्यायचं आणि त्याचे दोन्ही बाजूंना फाकलेले दात दगडावर घासून बसवायचे, मग खाच हवी तेवढी पडते. पान पंधरा-वीस रुपयांत येतं. गिटारच्या कारखान्यातली खास करवत काय भावाला पडते ते मी बघितलं आणि पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं.

बाकी हत्यारं तीच, बाबांची. रंधा, दोन पटाश्या, कानस, गुण्या, गिरमिट. जुन्या लाकडाला रंधा लावण्याआधी त्यावर लोहचुंबक फिरवायचं. फुटक्या स्पीकरचं चालतं. आत तुटून राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याला दात पाडतो, आणि मग दिवसभर दगडावर घासत बसा. सागवान तसंही पातं बोथट करतं, त्यात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात. शिवाय ते तेलकट. चिकटवायच्या आधी थिनरनं पुसून घेतलं नाही तर फेविकॉल धरल्याचं सोंग करतो आणि तारा चढवल्या की सोडून देतो.

वरची फळी, जी खरी बोलते, ती सागवानाची नाही. ती पाइनची. हिंगण्याच्या एमआयडीसीत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांचं लाकूड भंगारात विकायला असतं. त्यावरचा शिक्का आधी वाचायचा. 'एचटी' म्हणजे तापवून कीड मारलेलं, ते घ्यायचं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, त्याला हात लावायचा नाही. मग ढिगातून अशी फळी शोधायची की जिच्या टोकाकडून पाहिलं तर रेषा उभ्या, सरळ आणि दाट दिसतील. भंगारवाल्याला वाटतं बाई सरपण घ्यायला आली आहे आणि फार नखरे करते आहे. ही फळी तीन मिलिमीटरपर्यंत रंधून काढायची. जसजशी ती पातळ होते तसतसा टिचकीचा आवाज खाली खाली उतरतो, आणि मग एका जागी ती घुमायला लागते. तिथे थांबायचं. तिथेच का, ते कुणाला समजावून सांगता येत नाही, मला तर नाहीच.

स्पेनचा आंतोनियो दे तोरेस हा मुळात सुतार. आजच्या गिटारचा आकार त्यानंच बसवला. 1862 साली त्यानं एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. वरची फळी तेवढी लाकडाची. आवाज वरच्या फळीत असतो, बाकी सगळं तिला धरून ठेवायला, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. आणि लंडनचा ब्रायन मे. 1963 मध्ये शाळकरी वयात, वडिलांना हाताशी घेऊन त्यानं घरी इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली. दांडी जुन्या शेकोटीच्या वरच्या फळीची, त्या फळीला वाळवीसारख्या किड्यांची भोकं, ती त्यानं आगकाडीच्या काड्यांनी बुजवली. तारांच्या मागच्या स्प्रिंगा 1928 च्या मोटारसायकलच्या. पडद्यांवरच्या खुणांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. पुढे क्वीन बँडबरोबर तो जगभर हीच गिटार वाजवत हिंडला. हे वाचलं तेव्हा आधी मला त्याच्या घरच्या माळ्याचं कौतुक वाटलं.

आमच्या शेजारच्या काकूंना हे दोन्ही पटलं नाही. "एवढं सागवान आहे तर देव्हारा कर ना बाई. नाहीतर पाट. गिटारचं काय, सीताबर्डीवर भेटते."

लकडगंजातल्या मिस्त्रींचं मत निराळं होतं. त्यांच्याकडे मी बाजूच्या पट्ट्या दाखवायला घेऊन गेले होते. दोन मिलिमीटर जाडीच्या. त्यांनी एक पट्टी उन्हाकडे धरली. "हे वाकवून राहिल्या तुम्ही? कशावर?" शेगडीवर आडवा ठेवलेल्या लोखंडी पाइपवर, म्हटलं. जस्ताचा मुलामा नसलेला पाइप, कारण मुलामा तापला की त्याची वाफ छातीत बसते. पाइपवर पाण्याचा थेंब नाचायला लागला की भिजवलेली पट्टी त्यावर टेकवायची आणि घाई न करता दाबत राहायचं. लाकूड अचानक ढिलं पडतं. हातालाच कळतं ते. मिस्त्री म्हणाले, "करा जी करा. पण आत्ता नका चिपकवू. मे आहे हा."

हे मात्र नागपुरात राहणाऱ्यालाच सुचणार. मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो, आणि घरात कूलर लावला की दहा मिनिटांत खोलीचा वऱ्हांडा आणि खोली यांत दोन ऋतूंचं अंतर पडतं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. म्हणून पावसाळ्यात दार लागत नाही आणि उन्हाळ्यात त्याच दाराच्या फटीतून रस्ता दिसतो. गिटारची फळी भर पावसात चिकटवली तर मेमध्ये ती आकसते, तडकते. रखरखीत मेमध्ये चिकटवली तर श्रावणात तिचं पोट फुगतं. गिटार करणारे लोक चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता सांभाळतात, त्यासाठी त्यांच्या बंद खोल्या असतात. माझ्याकडे गॅलरी आहे. मी पावसाळा संपून हवेतली ओल ओसरायची वाट पाहिली आणि दिवाळीच्या सुमारास चिकटवली. काकू फराळाचं ताट घेऊन आल्या तेव्हा घरातले सगळे शिकंजे, दोरे, विटा आणि वरवंटासुद्धा गिटारवर होता. त्यांनी ताट ठेवायला जागा शोधली आणि काही म्हणाल्या नाहीत.

वाड्याच्या चौकटीचं लाकूड अशा वेळी फार सरळ वागतं. त्यानं इतके मे आणि इतके श्रावण पाहिलेले असतात की काय वाकायचं, काय पिळायचं ते सगळं आधीच उरकलेलं असतं. नव्या लाकडाचा भरवसा नाही.

बाबांच्या संत्र्याच्या फळ्या माळ्यावरून काढल्या तेव्हा त्यांवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. '2 फूट, सरळ.' '2 फूट, गाठ आहे.' एकीवर नुसतंच 'चांगली'. कशासाठी ठेवल्या होत्या, हे कुठेच नाही. आतले ठोकळे आणि कडेच्या पट्ट्या मी त्यांच्या केल्या, बाहेरून ते दिसत नाही. 'चांगली' लिहिलेली बाजू रंधली नाही, भोकातून टॉर्च मारला तर वाचता येते. भाचा म्हणतो, मावशी, तिथे कंपनीचं लेबल असतं.

वाजते कशी, असं लोक विचारतात. बरी वाजते. खालच्या तारा जरा गंभीर, वरच्या थोड्या संत्र्याच्या पेटीसारख्या, हे भाच्याचं मत. मला तीन कॉर्ड येतात, त्यांतला एफ अजून नीट लागत नाही, म्हणजे दोनच येतात म्हणा. दुसरी करायला घेतली आहे.

तिच्या दांडीवरच्या पट्टीला शिसवी लाकूड पाहिजे. नवं मिळतं, पण फार महाग आणि ओलं. मामाकडे एक जुनं ड्रेसिंग टेबल आहे, आरसा कधीचाच फुटलाय, खण अडकतात, कुणी वापरत नाही. गेल्या रविवारी चहा पिता पिता मी त्याला टिचकी मारून पाहिली. अस्सल शिसवी. मामीच्या लग्नात तिच्या माहेरून आलेलं आहे ते. मामाला हळूच विचारलं, तो म्हणाला, तू तुझं बघ. मामीला अजून विचारलेलं नाही.