रिपोर्टची वाट बघत सात आठवडे घालवले

संक्रांतीनंतर आमच्याकडे बोरन्हाण होतं. चाळीतली सात-आठ मुलं गोळा झाली होती. आमची चिऊ साडेसात महिन्यांची होती आणि अजून बसत नव्हती. म्हणून तिला दोन लोडांच्या मध्ये टेकवून बसवलं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या पडल्या तशी ती खुदकन हसली आणि समोरचं एक बोर तिने उजव्या हाताने उचललं. दुसरं बोर डाव्या मांडीजवळ पडलं होतं, तेही तिने कमरेतून वळून उजव्याच हाताने घेतलं. डावी मूठ मिटलेली होती, अंगठा आत.

त्या दिवशी सगळ्या बायकांचा विषय एकच होता, पोर अजून बसत नाही. माझी आई म्हणाली, "हा पण उशिराच चालला होता, दीड वर्षाचा होऊन." आत्याने तर दुसऱ्या दिवशी चाकांचं वॉकर आणून दिलं. मुठीबद्दल कुणी काही बोललं नाही. एक काकू बोलल्या, पण कौतुकाने, "उजवी आहे हो तुमची, पक्की!"

गंमत अशी की न बसण्यात फारसं काही नव्हतं. चिऊ बत्तिसाव्या आठवड्यात झाली, म्हणजे आठ आठवडे आधी. वजन १४८० ग्रॅम, सव्वीस दिवस काचेच्या पेटीत. अशा बाळाचं वय जन्मतारखेवरून धरायचं नसतं, आधी आलेले आठवडे वजा करायचे असतात, आणि हे साधारण दोन वर्षांपर्यंत करायचं असतं. तो हिशोब लावला तर बोरन्हाणाच्या दिवशी ती सहा महिन्यांचीही झाली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून २००६ साली जी वयं छापली, त्यात आधाराशिवाय बसण्याची मुदत ३.८ ते ९.२ महिने आहे आणि एकट्याने चालण्याची ८.२ ते १७.६. त्याच अभ्यासात चार टक्क्यांच्या आसपास मुलं गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. हे मला तेव्हा कळलं असतं तर आईशी निम्मी भांडणं झाली नसती. पण मुठीचं काय ते त्यातूनही कळलं नसतंच.

नऊ महिन्यांच्या लशीला गेलो तेव्हा बायकोने बसण्याचंच विचारलं. डॉक्टरांनी बोटांवर महिने मोजले, म्हणाले, बसेल. मग टेबलावरचा स्टेथोस्कोप तिच्या डाव्या बाजूला धरला. तिने उजवा हात पार ओलांडून नेला. उजवा हात हलकेच धरून ठेवला तर ती रडायला लागली, पण डावा पुढे केला नाही. डॉक्टरांनी डावा पाय घोट्यातून वाकवून बघितला, परत बघितला, आणि आमच्याकडे न बघताच म्हणाले, "वर्षाच्या आत मूल उजवं-डावं ठरवत नसतं. एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताला काय झालंय ते बघावं लागतं." चिठ्ठीवर लिहिलं: डावी बाजू कडक, मेंदूचा एमआरआय, फिजिओथेरपी.

त्या ओळीत दोन गोष्टी करायच्या होत्या, एमआरआय आणि फिजिओथेरपी. आम्ही एकच धरून बसलो.

तीही आम्ही आपणहून धरली नाही, आम्हाला धरायला लावली. जिल्ह्याला सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या थेरपीचा विभाग आहे, फुकट असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याजिल्ह्यात अशी केंद्रं सुरू झाली आहेत आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तिथे सोय असते. आमच्या गावापासून बासष्ट किलोमीटर. खिडकीवरच्या बाईंनी चिठ्ठी वाचली, परत माझ्याकडे सरकवली. "दादा, एमआरआय लिहिलाय ना? तो करून रिपोर्ट आणा, मग नोंद होईल." मी म्हटलं, तोपर्यंत थेरपीच्या ताईंना नुसतं दाखवू का? "रिपोर्टशिवाय त्या काय बघणार?" पटलं मला. मी वायरमन आहे. फॉल्ट कुठे आहे ते कळल्याशिवाय बोर्ड उघडू नये हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

आता एमआरआय. एवढ्या लहान मुलाला पंचवीस-तीस मिनिटं न हलता त्या नळीत ठेवायचं तर झोपवावं लागतं, आणि झोपवायला भूलतज्ज्ञ लागतो. एमआरआयच्या सेंटरला भूलतज्ज्ञ मंगळवारी आणि शुक्रवारीच येत. पहिली तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली.

पहिली फेरी. सकाळी नऊची वेळ. सांगितलं होतं, आईचं दूध चार तास आधी बंद, वरचं दूध सहा तास आधी बंद, आणि पहाटे लवकर उठवा म्हणजे औषधाने पटकन झोपेल. म्हणून चारला उठवलं, पाजून निघालो. साडेसातला सेंटरवर हजर. आठ वाजता ती भुकेने रडायला लागली. नऊ वाजता अपघाताचा पेशंट आला, तो आधी घेतला, ते बरोबरच. मग आणखी एक. दहा, अकरा. बायकोच्या पदराशी चिऊ तोंड घासत होती आणि बायको दुसरीकडे बघत होती, कारण बघितलं की पान्हा फुटायचा. पावणेबाराला रडून रडून ती आपली आपणच झोपली. बारा चाळीसला आमचं नाव पुकारलं.

आत नेताना तिथला माणूस म्हणाला, "अंगावर धातू काही नाही ना?" झबल्याला पिन होती, ती काढली. करगोट्याला चांदीचा मणी होता, तो कापला. मनगट्या काढल्या. राहिले पायातले वाळे. आईने बारशाला घातलेले, आणि पाय त्यानंतर भरले होते. उजवा निघाला. डावा निघेना, कारण तो पाय ती टाचेतून ताठ करायची. साबण लावला, कुणाकडून तरी खोबरेल आणलं. वाळा निघेपर्यंत चिऊ टक्क जागी. मग झोपेचं औषध पाजलं, ते तिने सगळं माझ्या शर्टावर ओकलं. किती पोटात गेलं आणि किती बाहेर आलं हे सांगता येत नाही, म्हणून परत देता येत नाही. "आज नाही होणार. शुक्रवारी या."

परतीच्या एसटीत ती आईच्या मांडीवर इतकी गाढ झोपली की थांब्यावर उतरवतानाही जागी झाली नाही.

दुसरी फेरी, शुक्रवार. नाक वाहत होतं. भूलतज्ज्ञांनी छाती तपासली आणि नको म्हणाले, सर्दीत भूल दिली तर श्वासाला त्रास होऊ शकतो, दोन आठवडे जाऊ द्या. त्यांच्यावर माझा राग नाही. उलट त्या सगळ्या प्रकरणात आमच्याशी नीट बोललेला तो पहिला माणूस. पण सर्दी असेल तर निघण्याआधी फोन करा एवढं जर कुणी कागदावर लिहून दिलं असतं! आता तुम्हाला सांगतो, फोन करा.

तिसरी फेरी. पहाटे चारला उठवणं, उपाशी ठेवणं, सगळं परत. दारावर कागद चिकटवलेला, मशीन बंद आहे. यांच्याकडे माझा नंबर होता. तारीख द्यायला फोन करता येतो, मशीन बंद आहे हे सांगायला येत नाही? मी काउंटरवर आवाज चढवला. बायको म्हणाली, "अहो, चला." चिऊला तिथल्याच बाकावर बसून तिने पाजलं.

चौथ्या फेरीला झालं. साडेनऊला आत, दहा वाजून पाच मिनिटांनी बाहेर. इतकं सहज झालं की मला उगाच आणखी राग आला.

चिठ्ठी हातात पडल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत सात आठवडे गेले. मेंदूच्या उजव्या बाजूला जन्माच्या सुमाराला रक्तस्राव होऊन गेल्याची जुनी खूण होती. उजवी बाजू डावं अंग चालवते. ती खूण भरून येणारी नाही, पण वाढणारीही नाही. बायकोने फक्त "वाढणार नाही" एवढंच ऐकलं आणि रडली. मी फिल्म उजेडाला धरून बघत होतो, मला त्यातलं काय कळणार.

थेरपीच्या ताईंसमोर मी तो मोठा लिफाफा ठेवला. त्यांनी तो बाजूला सरकवून चिऊला चटईवर घेतलं, छातीखाली टॉवेलची गुंडाळी दिली, पालथं केलं आणि डावी मूठ करंगळीच्या बाजूने चोळत चोळत उघडली. माझ्या मुलीचा तो तळवा मी पहिल्यांदा पूर्ण उघडलेला बघितला, रेषांत मळ साचलेला. ताई बोलता बोलता म्हणाल्या, "अकरा महिने? जरा आधी का नाही आणलंत?" मी लिफाफ्याकडे बोट केलं. त्या म्हणाल्या, "त्याची काय गरज होती? डावी बाजू कडक असं चिठ्ठीवर लिहिलंय. व्यायाम त्याच दिवशी सुरू झाला असता."

मी खिडकीवर परत गेलो होतो, खोटं कशाला सांगू. बाई सुट्टीवर होत्या.

तर तुमच्या चिठ्ठीवर तपासणी आणि थेरपी दोन्ही लिहिलं असेल तर खिडकीवर थांबू नका, आत जाऊन थेरपिस्टना गाठा. मूल अंगाने फार कडक किंवा फार लुळं वाटत असेल, मूठ सोडत नसेल, एकच हात पुढे करत असेल, तर बसण्याची वाट बघत बसू नका. आलेली एखादी गोष्ट विसरत चालली असेल तर एक दिवसही थांबू नका. आणि डॉक्टरांना मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवा. दवाखान्यात पोरं रडतात, करत काहीच नाहीत.

घरचे व्यायाम साधे होते, पण रोजचे. उजव्या हातावर पायमोजा चढवायचा आणि खुळखुळा डावीकडे ठेवायचा. आधी दहा मिनिटं, मग वाढवत न्यायचं. हे मात्र ताईंना विचारूनच करा, किती वेळ ते त्या ठरवतात. आई पोळ्या करताना कणकेचा गोळा तिच्या डाव्या तळव्यावर ठेवायची आणि वर स्वतःचा हात दाबून धरायची, ही युक्ती आईचीच, ताईंनाही आवडली. वॉकर ताईंनी बंद करायला सांगितलं. त्यात पोर लटकतं, चालायला शिकत नाही, वर चवड्यांवर जोर देतं, आणि चिऊची टाच आधीच उचललेली. ते माळ्यावर गेलं. आत्या अजून रुसून आहे.

वर्षाची होता होता ती बसली. रांगली नाहीच, बसूनच पुढे सरकायची, चड्ड्या फाटायच्या. एकविसाव्या महिन्यात दारातून मोरीपर्यंत एकटी चालली. डाव्या पायाला स्प्लिंट आहे, टाच अजून कधीकधी उचलते. आता अडीच वर्षांची आहे. वाटी दोन्ही हातांनी धरते, पण डाव्याला आठवण करून द्यावी लागते.

एमआरआयचा तो लिफाफा कपाटावर आहे. ताईंनी परत कधी मागितला नाही.

आणि हो, वाळे आदल्या रात्रीच काढा.