मोहाचे दिवस, मामी आणि वाघ

परवा मामीचा फोन आला. होळीला येतोस का म्हणून विचारायला केला होता, पण बोलता बोलता म्हणाली, "येजो तं पुण्यात जाळीचा भाव पाहून ठेव बाप्पा, मोहाखाली टाकाची आहे." तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे, म्हणून आज बसून लिहून टाकतोय.

माझं आजोळ ताडोब्याच्या बफरमधलं, म्हणजे राखीव जंगलाच्या भोवतीच्या, माणसं राहतात त्या पट्ट्यातलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुण्यात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, वाघ दिसतो का? दिसतो. पण तिथल्या माणसाला वाघ दिसणं आणि सफारीच्या जिप्सीतून वाघ दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे समजायला मोहफुलापासूनच सुरुवात करावी लागते असं मला वाटतं.

मोहाच्या झाडाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये गळतात. रात्री उशिरा फुलं पडायला लागतात आणि पहाटे झाडाखाली सडा असतो. उशीर केला तर उन्हानं फुलं सुकतात, चितळ खाऊन जातात, अस्वलाला तर मोह म्हणजे जीव की प्राण. म्हणून बाया अंधारातच टोपलं घेऊन निघायच्या. आता झाडाखाली वाकून, बसून फुलं वेचणारं माणूस वाघाला मागून कसं दिसत असेल याचा विचार करा, उभ्या माणसाला तो टाळतो पण वाकलेलं माणूस त्याला एखाद्या जनावराएवढंच दिसतं आणि त्याची स्वतःची फिरायची वेळही नेमकी तीच. त्यात दुसरी गोष्ट म्हणजे खालचा पालापाचोळा. फुलं नीट दिसावी म्हणून लोक तो पेटवतात, वारा आला की आग पुढे जाते, रोपटी जळतात, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांची घरटी जळतात. म्हणजे एका झाडाखाली माणसाचा जीव पण धोक्यात आणि जंगल पण.

मोहानंतर लगेच तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं. मे महिन्याच्या उन्हात दिवसभर पानं तोडायची, सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेतात त्या केंद्रावर न्यायचे. शाळेची फी, लग्नाचं देणं, पेरणीचं बियाणं सगळं या दोन महिन्यांच्या पैशावर असतं. "जंगलात जातातच कशाला हे लोक" असं जे लिहितात ना, त्यांना माझं हेच सांगणं आहे.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावातली एक बाई मोहाला गेली ती आलीच नाही. मी त्या वेळी तिथेच होतो. दुसऱ्या दिवशी अख्खं गाव रस्त्यावर बसलं होतं, वाघ उचलून न्या नाहीतर आम्हीच बघतो. तो राग खोटा नव्हता. मृत्यू झाला तर सरकार आता २५ लाख देतं, त्यातले काही लगेच आणि बाकीचे मुदत ठेवीत, आणि ते द्यायलाच पाहिजेत, पण त्या घरातल्या पोरीला भाकरी कोण करून देणार हा प्रश्न त्या पैशानं सुटत नाही.

नंतर जे बदललं ते हळूहळू बदललं. गावातल्याच पोरांची पीआरटी आहे, म्हणजे प्राथमिक प्रतिसाद दल. काठी, टॉर्च, शिट्टी एवढंच सामान. वाघ गावाजवळ आला की यांचं मुख्य काम वाघाला हाकलणं नाही तर माणसांना आवरणं, कारण पन्नास जण मोबाईल घेऊन घेरतात तेव्हाच वाघ बिथरून अंगावर येतो. मोहाच्या दिवसात ही पोरं सकाळी आधी पायवाटेनं फिरून येतात, वाघाच्या पावलांचे ताजे ठसे दिसले की ग्रुपवर मेसेज टाकतात. आणि बाया आता उजाडल्याशिवाय जात नाहीत, गेल्या तर सात-आठ जणी मिळून, एकीनं उभं राहून नजर ठेवायची आणि बाकीच्यांनी वेचायचं. मामीच्या गळ्यात शिट्टी असते. कोणी एका दिवसात ऐकलं नाही हे, उशिरा गेलं की अर्धा मोह जातो ना. बायांनीच भांडून, बसून ठरवलं.

पैशाचं पण बोललं पाहिजे. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, १९९५ ला व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१० मध्ये बफर जाहीर झाला. कोअर, म्हणजे आतलं गाभ्याचं जंगल, साधारण ६२५ चौरस किलोमीटर, बफर ११०० च्या आसपास, म्हणजे माणसं राहतात तो भाग जास्त आहे. पर्यटनाच्या गेटवरच्या उत्पन्नातला वाटा गावाच्या समितीकडे येतो, २०१५ पासून श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गॅस, सौर कुंपण असं मिळायला लागलं. गॅस आल्यावर मामीचं सरपणाला जाणं खूप कमी झालं आणि जंगलातली एक खेप कमी म्हणजे एक धोका कमी, हे मी स्वतः बघितलंय. मामेभाऊ गाइड आहे, पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो तेव्हा शेती करतो. पण ज्याच्या घरात गाइड आहे ते घर आणि ज्याचा बैल वाघानं मारला ते घर, ही बहुतेक वेळा वेगळी घरं असतात. मला हे सगळ्यात जास्त खटकतं. गेटजवळच्या गावात पैसा खेळतो आणि दहा किलोमीटर आत असलेल्या गावाला फक्त रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, मिळतात. त्या गावानं वाघावर प्रेम का करावं?

कुंपणाचंही तसंच. धान, हरभरा डुकरांनी लोळवला की माणूस रात्रभर जागलीला बसतो आणि एक दिवस वैतागून लाईनवरून थेट करंट सोडतो. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस पण. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, जनावर मागे फिरतं, मरत नाही. म्हणून ते कुंपण प्रत्येक बांधावर लवकर पोचायला हवं, फाईलमध्ये नाही.

आमच्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्यांना २०१२ मध्ये हजार हेक्टरच्या वर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावानं मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क, मिळाला आणि त्यांनी ग्रामसभेत बसून तेंदूपत्ता बंद केला, कारण पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात. बांबूवर गाव चालवतात. हक्क हातात असला की माणूस असा निर्णय घेऊ शकतो, मी हे वाचून कितीतरी जणांना सांगितलंय.

आणि ताडोबा हे नावच बघा ना. तारू नावाचा गोंड प्रमुख वाघाशी लढताना गेला अशी गोष्ट आहे, तलावाकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात लोक जायचे. आजी सांगायची की तारूबाला हात जोडताना वाघाचं वाईट चिंतायचं नाही. तिच्या चुलत भावाला वाघानं नेलं होतं, तरी सांगायची.

तर जाळी. चार कोपऱ्यांना दोरी लावून झाडाखाली जमिनीपासून वर बांधायची, फुलं जाळीतच पडतात, वाकायचं नाही, पाला पेटवायचा नाही, माती लागत नाही म्हणून व्यापारी भावही बरा देतो. उशिरा गेलं तरी चालतं, फुलं मातीत जात नाहीत. मामीच्या वाट्याला चार झाडं आहेत, शेजारणीची तीन. मी काल रविवार पेठेत दोन दुकानं फिरलो, हिरवी शेडनेट मीटरवर मिळते पण ती पाणी धरते आणि फुलं ओली राहतील असं वाटतंय, बारीक नायलॉनची जास्त बरी. मामीला फोटो पाठवलाय. ती म्हणाली, छेद मोठे आहेत, याहून बारीक पाह्य. उद्या परत जातो.