क्रिएटिनिन मर्यादेत, तरीही मूत्रपिंडावर ताण : माझा अनुभव

उच्च रक्तदाबाच्या गोळ्या मी बऱ्याच वर्षांपासून घेत आहे आणि रक्तातील क्रिएटिनिनही, म्हणजे मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक, दरवर्षी तपासत आलो आहे. तो आकडा कायम मर्यादेत असल्यामुळे मूत्रपिंडांचा विषय कधी निघालाच नव्हता. नव्या डॉक्टरांनी मात्र पहिल्याच भेटीत लघवीची एसीआर ही तपासणी करायला सांगितली. लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी असलेले हे प्रमाण ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. माझे १४० आले.

क्रिएटिनिन ठीक असताना हे कसे, असा माझा साहजिक प्रश्न होता. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वर्षानुवर्षे दाब जास्त राहिला की त्यांच्याकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड व कडक होतात, काही गाळण्या निकामी होतात आणि उरलेल्यांवर जादा काम येऊन पडते. त्या ते निभावून नेतात, म्हणून क्रिएटिनिन बराच काळ वाढत नाही. पण ताणलेल्या गाळणीतून प्रथिन पाझरू लागलेले असते. शिवाय दुखावलेले मूत्रपिंड शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते व स्वतः स्रवत असलेल्या रेनिन या द्रव्याच्या मार्गाने रक्तदाब आणखी वाढवते, म्हणजे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. वार्षिक तपासणीत क्रिएटिनिनच्या जोडीला ही साधी लघवीची चाचणी सर्रास का होत नाही, हे मला अजूनही कळलेले नाही.

ताप, जंतुसंसर्ग किंवा जोरदार व्यायाम यांमुळेही अल्ब्युमिन तात्पुरते वाढते, म्हणून एका अहवालावर निदान होत नाही. बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकला तरच तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मानतात. माझा टिकला. मधल्या काळात सोनोग्राफी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली. दोन्हींत विशेष काही निघाले नाही.

त्यानंतर गोळी बदलून टेल्मिसार्टन सुरू झाले. हे औषध गाळणीतून बाहेर जाणारी धमनी सैल करते आणि त्यामुळे आतला दाब उतरतो. याच कारणाने सुरुवातीला क्रिएटिनिन थोडे चढू शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, आणि ते बरे झाले. कारण पुढच्या अहवालात १.१ चे १.३ झालेले पाहून मी गोळी बंदच केली असती. सुमारे ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते, मात्र या औषधाने पोटॅशियम वाढू शकते, म्हणून सोबत तेही तपासावेच लागते.

मिठावर नियंत्रण आणणे मला सर्वांत जड गेले, कारण तयार पदार्थांतले मीठ जिभेला जाणवतच नाही. गुडघेदुखीसाठी मनाने घेत असलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मूत्रपिंडांना घातक ठरू शकते, म्हणून तेही बंद झाले. घरी रक्तदाब मोजताना पाच मिनिटे शांत बसायचे, पाठ टेकवायची, दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीवर ठेवायचा आणि मध्ये बोलायचे नाही, हेही नव्याने शिकलो.

एसीआर आता ६० च्या आसपास आले आहे. जुलाब किंवा उलट्या होऊन शरीरातले पाणी कमी झाले, तर गोळी चालू ठेवावी की तात्पुरती थांबवावी, हे डॉक्टरांना फोन करून विचारायचे, अशी सूचना माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे आणि ती घरातल्या सर्वांना माहीत आहे.