विक्रम झाला तिथे आता गोदाम आहे

मिशिगनला भाच्याकडे गेले तेव्हा मी एकच हट्ट धरला: मला पॉन्टिॲकला ने. डेट्रॉइटच्या उत्तरेला असलेलं हे मोटार कारखान्यांचं जुनं शहर. अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्याने टीव्हीवरचा विक्रम केला तो इथेच. "मावशी, तिथे बघण्यासारखं काहीच उरलेलं नाही," असं म्हणत त्याने गाडी काढली.

एम-५९ महामार्गावरून ओपडाइक रोडच्या वळणावर आलो. दोन्ही बाजूंना बर्फ, आणि समोर ॲमेझॉनचं अवाढव्य गोदाम. याच जागी १९७५ पासून पॉन्टिॲक सिल्व्हरडोम उभं होतं. ऐंशी हजार माणसं मावतील एवढं स्टेडियम, आणि त्यावर नुसत्या हवेच्या दाबाने तरंगणारं कापडी छप्पर! २०१७ मध्ये ते पाडलं.

२४ जानेवारी १९८२ ला इथे सोळावा सुपर बोल झाला, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स विरुद्ध सिनसिनाटी बेंगल्स. अमेरिकन फुटबॉलचा हा अंतिम सामना पहिल्यांदाच उत्तरेच्या एवढ्या थंड प्रदेशात आला होता. रस्त्यांवर बर्फ, त्यात उपराष्ट्राध्यक्ष बुश यांचा ताफा. फोर्टीनाइनर्सची एक बसच वाहतुकीत अडकली होती.

त्या संध्याकाळी सीबीएस वाहिनीवरच्या प्रक्षेपणाला ४९.१ रेटिंग मिळालं. म्हणजे टीव्ही असलेल्या अमेरिकेतल्या जवळजवळ निम्म्या घरांत हाच सामना चालू होता. त्या वेळी जे टीव्ही चालू होते, त्यांतल्या तर ७३ टक्के संचांवर! एवढं रेटिंग त्यानंतर एकाही सुपर बोलला मिळालेलं नाही.

हा आकडा संपूर्ण प्रक्षेपणाची सरासरी असतो, म्हणून मला तो अधिकच थोर वाटतो. मध्यंतराला फोर्टीनाइनर्स २०-० ने पुढे होते. सामना तिथेच संपला म्हणून लोक उठून गेले असते तरी नवल नव्हतं. पण बेंगल्स परतले. तिसऱ्या सत्रात ते गोलरेषेपासून जेमतेम यार्डभर अंतरावर पोचले, आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नातही फोर्टीनाइनर्सच्या भिंतीने त्यांना आत शिरू दिलं नाही. शेवटी २६-२१. असा सामना सोडून कोण उठेल?

प्रेक्षकसंख्येचे विक्रम मात्र पुढे मोडत गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला झालेल्या सुपर बोलमध्ये ईगल्स संघाने चीफ्स संघाला ४०-२२ असं हरवलं, तेव्हा सरासरी १२ कोटी ७७ लाख प्रेक्षक मोजले गेले. पॉन्टिॲकच्या वेळी साडेआठ कोटी होते. पण तेव्हा देशाची लोकसंख्या सुमारे २३ कोटी होती, आता ३४ कोटी आहे. भागाकार करून पाहा, प्रमाण जवळपास तेच येतं. शिवाय टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी नील्सन ही कंपनी आता बार आणि रेस्टॉरंटांतले प्रेक्षकही धरते आणि मोबाइलवर पाहणारेही मोजले जातात. ही मोजणी योग्यच आहे. घोळक्याने पाहणं हा तर या सामन्याचा प्राण. पण मग १९८२ मध्ये डेट्रॉइटच्या बारमध्ये दाटीवाटीने उभं राहून ज्यांनी सामना पाहिला, ते कुठल्याच हिशेबात नाहीत. ते धरले तर प्रमाणात तो दिवस आजच्या विक्रमाच्याही वर जाईल, असं माझं ठाम मत आहे.

गोदामाच्या कडेकडेने आम्ही गाडी हळू नेली. त्या सामन्याची खूण सांगणारा फलक मला कुठे दिसला नाही. पॉन्टिॲकने तो लावायला हवा, ४९.१ हा आकडा ठळक लिहून.