दोराची लांबी

फाशीच्या दोराची लांबी कैद्याच्या वजनावरून ठरते. हलक्या माणसाला जास्त खोल सोडावे लागते, जड माणसाला कमी. हा हिशेब चुकला तर एक तर मान न मोडता माणूस गुदमरत राहतो, नाही तर त्याचे शीर धडावेगळे होते. १५ जानेवारी २००७ रोजी बगदादमध्ये सद्दाम हुसेनचा सावत्र भाऊ बरझान याला फाशी देताना दुसरा प्रकार घडला. वजन आणि उंची यांचे हे त्रैराशिक १८७२ पासून विल्यम मारवुड या इंग्रज जल्लादाने प्रत्यक्षात आणले. मूळ धंद्याने तो चांभार होता. आपल्याकडे आजही फाशीपूर्वी कैद्याच्या वजनाच्या दीडपट वाळू भरलेली पिशवी दोराला अडकवून खटका ओढून पाहतात आणि दोर मऊ राहावा म्हणून त्याला मेण किंवा लोणी चोळतात.

हे सारे मी एकदा आईला वाचून दाखवले, तेव्हा ती भाजी निवडत होती. १९७६ साली ती पुण्यात होती. जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांची हत्या झाली, तेव्हा संध्याकाळनंतर रस्ते कसे ओस पडत आणि ओळखीचा आवाज ऐकल्याशिवाय कोणी दार कसे उघडत नसे, हे तिच्याकडून मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आमच्या जुन्या घराच्या दाराला आतून लावलेला लोखंडी आडणा त्याच हिवाळ्यातला होता. तिने हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "त्यांनी नायलॉनच्या दोरीने माणसांचे गळे आवळले, तेव्हा आधी वजन करून पाहिलं होतं का?"

या प्रश्नाला माझ्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते, आणि ज्यांच्यापाशी असे उत्तर तयार असते त्यांच्याविषयी मला थोडी शंकाच वाटते. सरकार वजन करते ते याचसाठी की त्याला खुन्यासारखे वागायचे नाही, हे तिच्या प्रश्नाला मला नंतर सुचलेले उत्तर. पण हा काटा, ही वाळूची पिशवी आणि हे लोणी नेमके कोणाच्या वेदना कमी करण्यासाठी आहे, हा प्रश्न तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही.

योगायोगाने ज्या वर्षी जोशी-अभ्यंकर खटल्यातल्या चौघांना येरवड्यात फाशी झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने फाशी ही पद्धत क्रूर नाही असा निवाडा दिला. दीना खटल्याचा तो निकाल २३ सप्टेंबर १९८३ चा आणि फाशी २७ नोव्हेंबरची. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड मूळचे पुण्याचेच. पद्धत क्रूर नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आहे, हे त्यांनी मान्य केले आणि सरकारने ती पार पाडली, असा निष्कर्ष काढला. त्यासाठी ब्रिटनच्या १९४९ ते १९५३ या काळातील राजआयोगाच्या अभ्यासाचाही आधार घेण्यात आला. त्या आयोगाने मृत्युदंडाच्या पद्धतीला तीन कसोट्या लावल्या होत्या: माणुसकी, खात्री आणि शालीनता. चाळीस वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना त्यांच्याच पीठाने फाशीच्या वेदनांविषयी आणि इतर पर्यायांविषयी शास्त्रीय माहिती सादर करा, असे केंद्राला सांगितले.

माहिती मागावी लागली यात नवल नाही, कारण ती गोळा करण्याची व्यवस्थाच दीर्घकाळ नव्हती. फाशीनंतर शवविच्छेदन सक्तीचे झाले ते २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने. म्हणजे मान क्षणार्धात मोडते आणि वेदना होत नाही, असे आपण दशकानुदशके सांगत राहिलो, पण मान खरोखर मोडली का, हे पाहणे मात्र बंधनकारक नव्हते.

फाशीऐवजी इंजेक्शन द्यावे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. विधी आयोगाच्या २००३ सालच्या १८७ व्या अहवालानेही तो पर्याय सुचवला होता. अमेरिकेत १९८२ पासून हे इंजेक्शन वापरले जाते आणि त्याची रूढ पद्धत तीन औषधांची आहे: पहिल्याने शुद्ध हरपते, दुसऱ्याने शरीराचे सारे स्नायू लुळे पडतात आणि तिसऱ्याने हृदय थांबते. यातल्या दुसऱ्या औषधाचा मी बराच विचार केला आहे. पहिल्याने बेशुद्धी आली असेल तर कैद्याला दुसऱ्याचा काही उपयोग नाही, आणि पहिले नीट लागू पडले नसेल तर दुसऱ्यामुळे तो ओरडू शकत नाही, हातही हलवू शकत नाही. काचेपलीकडे बसलेल्या साक्षीदारांना मात्र शांत झोपलेला माणूस दिसतो. राजआयोगाची तिसरी कसोटी, शालीनता, येथे पूर्णपणे उतरते, पण ती पाहणाऱ्यांच्या वाट्याची. २०१४ मध्ये ओक्लाहोमात क्लेटन लॉकेटची शीर नीट सापडली नाही आणि तो मरायला त्रेचाळीस मिनिटे लागली, तेव्हा अधिकाऱ्यांनी मध्येच पडदा ओढून घेतला. त्या पडद्याइतके प्रामाणिक मला या विषयात दुसरे काही आढळले नाही. २०२४ मध्ये अलाबामाने नायट्रोजनचा वापर सुरू केला, तोही यातना नसलेला मृत्यू म्हणूनच, आणि मुखवट्याखाली केनेथ स्मिथ काही मिनिटे धडपडताना साक्षीदारांनी पाहिला.

या गोष्टीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. अमेरिकेत पहिल्या औषधाचे, म्हणजे थायोपेंटलचे, उत्पादन थांबल्यावर नेब्रास्काच्या तुरुंग खात्याने ते मुंबईतील एका औषध कंपनीकडून विकत घेतले. कशासाठी वापरले जाणार, याचा गाजावाजा झाल्यावर २०११ मध्ये कंपनीने या कामासाठी पुन्हा औषध विकणार नाही असे जाहीर केले. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला भूल देण्यासाठी आपल्या इस्पितळांतही वर्षानुवर्षे वापरले गेलेले हे औषध.

पद्धतीचा हा सारा वाद खटका ओढण्याच्या त्या एका क्षणाभोवती फिरतो. त्याआधीच्या वर्षांना कोणते इंजेक्शन लागू पडणार? लहान मुलांच्या अपहरण-हत्यांबद्दल कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावलेल्या दोघा बहिणींच्या दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला सात वर्षे दहा महिने लागले, आणि या विलंबाच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. त्यांच्या गुन्ह्याविषयी मला कणभरही सहानुभूती नाही. तरीही दाराबाहेर बुटांचा आवाज झाला की आजच का, असे वाटत काढलेली एवढी वर्षे शिक्षेच्या कोणत्या कलमात लिहिलेली असतात, हे मला कोणी सांगावे.

आणि ज्यांनी गुन्हाच केलेला नाही त्यांचे काय? २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर पाच जणांचे खून झाले. त्यासाठी भटक्या जमातीतील सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने त्यातील तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे निष्पन्न झाले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मधल्या दहा वर्षांत यंत्रणा जरा चपळ असती, तर या सहा जणांचेही वजन झाले असते, दोर मोजला गेला असता, आणि ते काम कदाचित अगदी बिनचूक पार पडले असते.

हा निकाल मी आईला वाचून दाखवला. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नाही, हेही निकालात आहे. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "मग ते चौघे कुठे गेले?"