घरातली हवा आणि आईचा खोकला

गेल्या पावसाळ्यात आईला रात्री खोकल्याची उबळ यायची, आम्ही आपलं बाहेरच्या धुळीवर खापर फोडून खिडक्या गच्च लावून घ्यायचो. मग एक दिवस कपाट सरकवलं तर मागे भिंतीवर परातीएवढी काळी बुरशी आणि तो कुबट वास! बाहेरून ओल झिरपत होती आणि वर कपडेपण आम्ही त्याच खोलीत वाळत घालत होतो. ओल थांबवल्याशिवाय नुसता रंग मारला तर बुरशी परत येतेच, म्हणून आधी वॉटरप्रूफिंग केलं, मग भिंत खरवडली, कपाट चार बोटं पुढे घेतलं.

नंतर पीएम २.५, म्हणजे हवेतले श्वासातून आत जाणारे अतिसूक्ष्म कण, मोजायचं छोटं मीटर आणलं. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा घनमीटर हवेमागे १५ मायक्रोग्रॅम, आपल्याकडची ६०, आणि आमच्याकडे चिमणी न लावता मिरचीची फोडणी टाकली की आकडा तीनशेच्या वर! खरंच धस्स झालं. आता गॅस पेटवायच्या आधीच चिमणी चालू करते, स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटं तशीच ठेवते, आणि तिची जाळी गरम पाण्यात सोडा टाकून धुते कारण तेलकट जाळीतून हवा नीट ओढलीच जात नाही. डासांची कॉइल कायमची बंद, मच्छरदाणी लावली. उदबत्ती मात्र आईला हवीच, मग एकच लावते, शेजारची खिडकी उघडून.