मोफत स्क्रीन रेकॉर्डर आणि काळा पडदा : माझा अनुभव

आमच्या पतसंस्थेच्या शाखांमधून दर महिनाअखेरीस तेच प्रश्न फोनवर येतात : मासिक पत्रकाची एक्सेल फाइल कशी भरायची आणि ती मुख्य कार्यालयाकडे पाठवण्यापूर्वी कोणत्या रकान्यांची बेरीज जुळवून पाहायची. हे काम एकदा संगणकाच्या पडद्यावर करून दाखवावे, सोबत मराठीत समजावून सांगावे आणि तो व्हिडिओ सर्व शाखांना द्यावा, असे ठरले. यासाठी वेगळी तरतूद नव्हती, त्यामुळे पडद्याचे चित्रण करणारे मोफत सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रेकॉर्डर, शोधणे आले.

मोफत म्हणून जे जे समोर येते, त्यातील बरेचसे अर्धेच मोफत असते. मी प्रथम घेतलेल्या प्रोग्रॅमने चित्रण चांगले केले, पण व्हिडिओवर स्वतःच्या नावाची पट्टी उमटवली आणि ती काढायची असेल तर पैसे भरा, असे फाइल जतन करताना सांगितले. हे डाउनलोडच्या पानावर ठळकपणे लिहिले असते, तर माझी एक दुपार वाचली असती. ब्राउझरमध्येच चालणारे रेकॉर्डर मी विचारातही घेतले नाहीत, कारण पडद्यावर खातेदारांची माहिती असताना व्हिडिओ कोणाच्या तरी सर्व्हरवर जाण्याची शक्यता आम्हाला परवडणारी नव्हती. (मुळात अशा चित्रणासाठी खोट्या नावांची वेगळी फाइल तयार करावी, हे सर्वांत आधी सांगायला हवे होते.)

विंडोज १० मध्ये आधीपासून असलेला 'गेम बार' हा प्रोग्रॅम विंडोज, आल्ट आणि आर ही बटणे एकत्र दाबली की चित्रण सुरू करतो. मात्र तो एका वेळी एकाच प्रोग्रॅमची खिडकी टिपतो. डेस्कटॉप आणि फाइल एक्सप्लोरर टिपत नाही. मला तर फोल्डर उघडण्यापासून फाइल ईमेलला जोडण्यापर्यंत सगळेच दाखवायचे होते. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये पडद्याचे चित्रण करता येते, परंतु आमचे संगणक अजून तेथवर पोहोचलेले नाहीत. शेवटी ओबीएस स्टुडिओ निवडला. तो मुक्तस्रोत (ज्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला असतो असा) असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. त्यात पट्टी नाही, वेळेची मर्यादा नाही आणि पैसे भरून घ्यायची वेगळी आवृत्तीही नाही.

इन्स्टॉल झाले, काय टिपायचे ते ठरवणाऱ्या 'सोर्सेस'च्या चौकटीत 'डिस्प्ले कॅप्चर' (संपूर्ण पडदा टिपण्याची सोय) जोडले, आणि समोर निव्वळ काळा पडदा आला. माइकचा आवाज नीट येत होता, चित्र मात्र नव्हते.

यानंतर मला जे सल्ले मिळाले, त्यांची आठवण झाली की अजूनही चिडचिड होते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करा, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, अँटिव्हायरस बंद करा : हे सर्व निमूटपणे केले आणि पडदा काळाच राहिला. दुरुस्तीच्या दुकानातील मुलाने लॅपटॉप उघडून पाहण्याआधीच "फॉरमॅट मारून देतो" असे सांगितले. एकाही सल्ल्यात असे का होते, याचे उत्तर नव्हते. आणि कारण कळल्यावर लक्षात आले की उपाय पाच मिनिटांचाही नाही.

कारण असे आहे. अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात : एक प्रोसेसरमध्येच सामावलेली, कमी वीज खाणारी, आणि दुसरी खेळांसारख्या जड कामांसाठी असलेली वेगळी. डेस्कटॉप पडद्यावर पोहोचवण्याचे काम बहुधा पहिली चिप करते. ओबीएस मात्र दुसऱ्या चिपवर चालू झाला, तर पहिलीकडे असलेले डेस्कटॉपचे चित्र त्याच्या हाती लागत नाही आणि तो काळी चौकट दाखवत राहतो. हे म्हणजे एका कार्यालयाची आवक नोंद दुसऱ्या कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये शोधण्यासारखे आहे. म्हणून ओबीएसलाही पहिल्या चिपवर आणावे लागते. त्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात डिस्प्ले आणि त्याच्या तळाशी असलेले 'ग्राफिक्स सेटिंग्ज' उघडावे, 'ब्राउझ' करून ओबीएस चालू करणारी मूळ फाइल यादीत घ्यावी, 'ऑप्शन्स'मध्ये 'पॉवर सेव्हिंग' निवडावे आणि ओबीएस पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. ती मूळ फाइल 'प्रोग्रॅम फाइल्स'मधील ओबीएसच्या फोल्डरात 'बिन' आणि त्याच्या आत '६४बिट' या फोल्डरमध्ये असते. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट निवडण्याच्या भानगडीत पडू नये.

चित्रण जड काम आहे, तेव्हा 'हाय परफॉर्मन्स' निवडावे असे कोणालाही वाटेल, आणि दोन जाणकारांनी मला तेच सुचवले होते. डेस्कटॉप टिपण्यासाठी ते नेमके उलटे पडते. खेळ टिपणाऱ्या 'गेम कॅप्चर'ची गोष्ट वेगळी. तेथे खेळ ज्या चिपवर चालतो, तीच ओबीएसलाही द्यावी लागते. आणखी एक वाट आहे : डिस्प्ले कॅप्चरच्या गुणधर्मांत 'कॅप्चर मेथड' बदलून विंडोज १० ची नवी पद्धत निवडता येते. त्या पद्धतीत विंडोज १० पडद्याभोवती पिवळी चौकट काढते. मला ती डोळ्यांना खुपली, म्हणून मी पहिलाच उपाय कायम ठेवला. पडद्यावर एक्सेल उमटले तेव्हा मी कार्यालयात एकटाच होतो, नाहीतर दुकानातील त्या मुलाला तेथेच फोन लावला असता.

आता राहिलेल्या सूचना, आठवतील तशा. 'व्हिडिओ' सेटिंग्जमध्ये 'आउटपुट' रिझोल्यूशन (चित्रातील ठिपक्यांची संख्या) पडद्याएवढेच आहे का ते पाहावे. १९२०×१०८० चा पडदा १२८०×७२० वर उतरवला गेला असेल, तर इंग्रजी अक्षरे कशीबशी वाचता येतात, पण मराठीतील अनुस्वार आणि रफार पुसट होतात. एक्सेल दाखवण्यासाठी सेकंदाला ३० चित्रे (फ्रेम) भरपूर झाली. ६० ने फाइल उगाच फुगते. माइकच्या 'फिल्टर्स'मध्ये 'नॉइज सप्रेशन' जोडल्यावर पंख्याची घरघर बरीच कमी झाली. चित्रणापूर्वी विंडोजचा 'फोकस असिस्ट' चालू करावा, नाहीतर ऐन बेरजेच्या वेळी कोपऱ्यात कोणाचा तरी निरोप उमटतो. केवळ स्थिर चित्रे हवी असतील, तर शेअरएक्स हा दुसरा मुक्तस्रोत प्रोग्रॅम अधिक सोयीचा आहे. बाण काढणे आणि खातेक्रमांक धूसर करणे त्यातच होते.

चित्रणाच्या फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवावा. वीज गेली किंवा संगणक मध्येच बंद पडला, तरी तोपर्यंतचे चित्रण त्यात शाबूत राहते. साधी एमपीफोर फाइल अशा वेळी उघडतच नाही. शाखांतील जुन्या संगणकांवर एमकेव्ही चालेल याची खात्री नसते, म्हणून पाठवण्यापूर्वी ओबीएसच्या 'फाइल' मेनूतील 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' वापरून तिची एमपीफोर करून घ्यावी. यात फक्त फाइलचा प्रकार बदलतो, चित्र पुन्हा एन्कोड (नव्याने संकुचित) होत नसल्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि वेळही फारसा लागत नाही.